संतोषाच्या पुढचे शब्द

(द्वितीय वर्ष, कला)

'समाधान' हा शब्द आमच्या घरात मिठासारखा वापरतात. कशातही चिमूटभर घालायचा आणि पुढे चालायचे. पाऊस कमी पडला, समाधान मानावे. जास्त पडला तरी मानावे, निदान विहीर तरी भरली. म्हैस आटली, कांद्याला भाव मिळाला नाही, थोरल्या भावाला नोकरीचे बोलावणे आले नाही, सर्वांवर औषध एकच. लहानपणी मला वाटे की सटवाईला मानतात, मरीआईला मानतात, तसेच हे समाधानही कोणी दैवत असावे आणि न मानल्यास ते कोपत असावे. पुढे कळले की दैवत नसले तरी कोपण्याचा भाग खरा आहे. फक्त कोपतात ती माणसे.

या शब्दाची आणि माझी नव्याने गाठ पडली ती योगामुळे. २०१५ पासून दर वर्षी २१ जूनला सगळीकडे योग दिन साजरा होतो, तसा तो आपल्या मैदानावरही झाला. ताडासनापर्यंत सारे ठीक होते. वृक्षासनाला मात्र आमच्या ओळीतील निम्मी झाडे वारा नसताना उन्मळून पडली. शेवटी सांगण्यात आले की आसन हे योगाच्या आठ अंगांपैकी तिसरे अंग होय. माझ्या बाजूला बसलेली मैत्रीण हळूच म्हणाली, "मग पहिली दोन कुठे गेली?" ती चेष्टेने म्हणाली, पण प्रश्न माझ्या मनात राहिला. ग्रंथालयात विचारले तेव्हा कृ. के. कोल्हटकरांचा पातंजल योगदर्शनावरील 'भारतीय मानसशास्त्र' हा ग्रंथ हाती आला. ग्रंथ कसला, उसाची मोळीच! सारा वाचून झाला असे मी म्हणणार नाही. पहिल्या दोन अंगांपाशीच मी इतकी रेंगाळले आहे की समाधी फार दूर आहे.

ती दोन अंगे म्हणजे यम आणि नियम. अहिंसा, सत्य, अस्तेय, ब्रह्मचर्य, अपरिग्रह हे पाच यम. शौच, संतोष, तप, स्वाध्याय, ईश्वरप्रणिधान हे पाच नियम. घोकून पाठ करावे असे हे शब्द, आणि परीक्षेपुरते आपण करतोही. पण त्या रांगेत दुसऱ्या जागी आमच्या घरचा जुना पाहुणा बसलेला पाहून मी थबकले. संतोष! म्हणजे काका सांगतात ते खरेच शास्त्र होते तर? आहे त्यात सुख मानावे हे पतंजलीनेच सांगून ठेवले असेल, तर माझ्यासारखीने पुढे बोलायचे काय?

हा प्रश्न माझ्यासाठी पुस्तकी नव्हता. आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढलेली मी पहिली. वडील सातवीपर्यंत शिकले, आई चौथीपर्यंत. दिवाळीपासून काकांनी एक स्थळ धरून ठेवले आहे. मुलगा चांगला आहे, बागायत आहे, माणसे मोकळी आहेत. काका वाईट बुद्धीने बोलत नाहीत हेच अवघड आहे. ते म्हणतात, "दोन वर्षं कॉलेज झालं, लिहाय-वाचाय आलं, आता समाधान मान." आणि या 'समाधान मान' पुढे आमच्या घरात आजवर कोणी बोललेले नाही.

तेव्हा मी संतोष या शब्दाची चौकशी करायचे ठरवले. व्यासभाष्यात त्याचा अर्थ असा आढळला, की जवळ जेवढे साधन आहे त्याहून अधिक घेण्याची इच्छा नसणे. वाचताना मला प्रथम आठवला तो २०२३ चा डिसेंबर. त्या महिन्याच्या ८ तारखेला केंद्र सरकारने कांद्याच्या निर्यातीवर बंदी घातली आणि भाव कोसळले. आमचा लाल कांदा तेव्हा नुकताच काढून झाला होता. उन्हाळी गावरान कांदा चाळीत ठेवून चार-पाच महिने वाट पाहता येते. लाल कांद्याला ती सवड नसते, तो काढला की विकावाच लागतो. वडील गोण्या घेऊन लिलावाला गेले. तिथे एका आडत्याने त्यांना सांगितले, "पाटील, मिळतंय त्यात समाधान माना." वडिलांनी मानले. घरी येऊन पट्टी खुंटीच्या पिशवीत ठेवली, हातपाय धुतले आणि भाकरी खाल्ली. त्या दिवशी आमच्या घरात कोणी मोठ्याने बोलले नाही. बंदी २०२४ च्या मे महिन्यात उठली, तोवर आमच्या कांद्याचे पैसे होऊन, उधारीत जाऊन, विसरूनही झाले होते.

आता भाष्यातला अर्थ या प्रसंगाला लावून पाहा. अधिक घेण्याची इच्छा आवरणे म्हणजे संतोष, तर तो त्या बाजारात कोणी पाळायला हवा होता? ज्याच्या हातून माल जात होता त्याने, की ज्याच्या हातात येत होता त्याने? संतोष हा घेणाऱ्याच्या हाताला घातलेला आवर आहे. तो देणाऱ्याला सुनावला की त्याचे नुसते तोंड बंद होते. पतंजलीने हे नियम साधकासमोर ठेवले आहेत, आणि साधकाने ते स्वतःवर चालवायचे आहेत. शेजाऱ्यावर, सुनेवर, पुतणीवर चालवण्यासाठी ते दिलेले नाहीत.

यमांचेही असेच आहे. आपल्याच तालुक्यातील शनिशिंगणापूरला घरांना दारे-कुलपे न लावण्याची रीत आहे आणि तिची कीर्ती देशभर आहे. २०११ मध्ये तिथे बँकेची शाखा निघाली तीही कुलपाविना. मला त्या रीतीचे कौतुक वाटते. तरीही मनात येते, की चोरी केली तर शनिदेव शिक्षा करील या भीतीने जो हात मागे घेतो, त्याच्याकडे अस्तेय आहे की भीती? उत्तर बाहेरून देता येणार नाही. ज्याचा हात आहे त्यालाच ते ठाऊक.

मग मी ही चौकशी स्वतःवर चालवू लागले. यात काही मोठे साधन केले असे कृपया समजू नये. आमच्याकडे शेतीची वीज पाळीने येते. रात्रपाळी असली म्हणजे वडील पाणी धरायला जातात आणि ते परत येईपर्यंत घरात कोणी गाढ झोपत नाही. त्या वेळात मी अंथरुणावर बसून दिवसभरातील एकेक असमाधान आठवते आणि त्याला विचारते, तू कोठून आलास?

पहिल्याच रात्री उत्तर सोपे नाही हे कळले. आमच्या वर्गातील एक जण स्कुटीवर येते. मी फाट्यापर्यंत चालत जाते आणि तिथून एस.टी. धरते. मला स्कुटी हवी आहे. का? तिच्याकडे आहे म्हणून? समजा साऱ्या नेवाशात एकाही मुलीकडे स्कुटी नसती, तर? तरीही उन्हाळ्यात त्या फाट्यावर मला ती हवीच वाटली असती. पण तिच्या स्कुटीचा रंग माझ्या लक्षात आहे, आणि त्या रंगाशी फाट्याच्या उन्हाचा काहीही संबंध नाही. म्हणजे एकाच इच्छेत दोन धागे निघाले. एक पायांचा, एक डोळ्यांचा. पतंजलीने क्लेश पाच सांगितले आहेत : अविद्या, अस्मिता, राग, द्वेष, अभिनिवेश. यातला राग म्हणजे आपण मराठीत म्हणतो तो संताप नव्हे. ज्यात एकदा सुख लागले त्याकडे मनाची जी ओढ राहते, तिला तिथे राग म्हटले आहे. मला हे ठाऊक नव्हते, म्हणून नमूद करते. परीक्षेला उपयोगी पडेल.

दुसरी गोष्ट अधिक बोचणारी. माझी बालमैत्रीण पोलीस भरतीत निवडली गेली. मैदान आणि लेखी दोन्ही तिने एका झटक्यात पार केले. गावात फ्लेक्स लागला, तिची मिरवणूक निघाली. पहिल्या पादात पतंजलीने चित्त प्रसन्न राहण्याचा एक उपाय सांगितला आहे. सुखी माणसाविषयी मैत्री, दुःखी माणसाविषयी करुणा, पुण्यवंताविषयी मुदिता आणि अपुण्यवंताविषयी उपेक्षा. यातली करुणा आमच्या गल्लीत मुबलक आहे. कोणाचा पाय मोडू द्या, संध्याकाळपर्यंत दहा घरचे डबे येतात. पण सुखी माणसाशी मैत्री? ती त्यातली सर्वांत महाग. मी मिरवणुकीत गेले, गुलाल लावून घेतला, हसले. रात्री अंथरुणावर बसून विचारले तेव्हा आत काहीतरी टोचत होते, आणि ते टोचणे किती जुने आहे ते पाहत बसले. बरेच जुने निघाले. प्राथमिक शाळेतील धावण्याच्या शर्यतीपासूनचे. गंमत अशी, की इतके मागपर्यंत पाहून झाल्यावर त्याची धार कमी झाली. दुसऱ्या दिवशी मी तिच्या घरी गेले, दोघींनी तिच्या आईच्या हातचा चहा घेतला आणि ती गोळाफेकीच्या सरावाचे किस्से सांगत होती तेव्हा मी खरोखर ऐकत होते.

या तपासणीत बहुतेक असमाधाने अशी गळून पडली किंवा निदान पातळ झाली. एक मात्र झाले नाही. शिकायचे आहे, तिसरे वर्ष करायचे आहे, जमल्यास एम.ए. करायचे आहे, हे असमाधान मी जितके उलटेपालटे करून पाहिले तितके ते घट्ट लागले. त्यातही डोळ्यांचा धागा आहे, नाही असे नाही. गावात आपले नाव व्हावे असे कोणाला वाटत नाही? पण तो धागा ओढून काढला तरी उरते ते बरेच उरते. कोणी पाहत नसताना, विचारत नसताना, पुढच्या पानावर काय आहे हे कळावेसे वाटते. याला काय म्हणायचे?

तेव्हा मी नियमांच्या रांगेकडे पुन्हा पाहिले, आणि जे पहिल्याच दिवशी दिसायला हवे इतके सरळ होते ते दिसले. संतोषावर रांग संपत नाही. त्याच्या पुढचा शब्द आहे तप, आणि त्याच्या पुढचा स्वाध्याय. आम्हाला उपदेश करणारे सारे संतोषापाशी येऊन थांबतात, पतंजली थांबत नाही. एवढेच नव्हे, तर साधनपादाच्या अगदी आरंभी तो तप, स्वाध्याय आणि ईश्वरप्रणिधान हे तीनच शब्द उचलतो आणि त्यांना मिळून क्रियायोग म्हणतो. क्लेश क्षीण करण्याचे काम तो या तिघांवर सोपवतो. त्या यादीत संतोष नाही.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. परंपरेत स्वाध्याय म्हणजे प्रणवाचा जप आणि मोक्षशास्त्रांचे अध्ययन. आमचा बी.ए.चा अभ्यासक्रम हे मोक्षशास्त्र आहे असा दावा आमचे प्राध्यापकही करणार नाहीत. त्यामुळे 'पतंजलीने मला तिसऱ्या वर्षाला प्रवेश घ्यायला सांगितले आहे' असे मी काकांना सांगू शकत नाही. पण एवढे खात्रीने म्हणता येते, की जे मिळाले त्यावर रुसू नये आणि जे करायचे ते सोडू नये या दोन गोष्टी त्या रांगेत शेजारी शेजारी बसल्या आहेत, आणि पतंजलीला त्यांत भांडण दिसले नाही.

याचा दाखला शोधायला नेवासकराला लांब जावे लागत नाही. शके १२१२ मध्ये, म्हणजे इ.स. १२९० साली, याच क्षेत्री ज्ञानेश्वरांनी गीतेवर मराठीत टीका सांगितली आणि सच्चिदानंदबाबांनी ती लिहून घेतली. ज्या खांबाला टेकून ती सांगितली असे आपण मानतो तो पैस खांब आजही उभा आहे. त्यावर कोरलेला लेख मात्र करवीरेश्वराच्या दिव्याच्या तेलासाठी दिलेल्या दानाचा आहे. दुर्गाबाई भागवतांनी आपल्या १९७० च्या पुस्तकाला 'पैस' हे नाव दिले ते याच खांबावरून. बाहेरगावचे पाहुणे आले की आपण त्यांना खांब दाखवतो, प्रसाद देतो आणि परत एस.टी.त बसवतो. रोज जवळ असणाऱ्या गोष्टीचे असेच होते.

त्या सांगणाऱ्या मुलाचे वय परंपरेप्रमाणे जेमतेम सोळा. संन्याशाची मुले म्हणून चारही भावंडांना समाजाने दूर लोटलेले. रुसण्याचा अधिकार कोणाला असेल तर तो त्यांना होता. त्यात ते गुरुपरंपरेने नाथपंथी. योग त्यांना घरातच, थोरल्या भावाकडून मिळालेला. तो घेऊन स्वस्थ बसता आले असते. गीता संस्कृतात आहे, ज्यांना कळते त्यांना कळते, बाकीच्यांनी फळ ऐकून समाधान मानावे, ही रीत त्यांच्या आधीपासून चालत होती. ती त्यांनी चालू दिली नाही. सहाव्या अध्यायात तर ध्यानयोग आला, तसे कुंडलिनीचे सारे वर्णन त्यांनी शेतात राबणाऱ्या माणसाला कळेल अशा भाषेत उघड करून ठेवले. मराठीच्या गोडीविषयीची, सर्वांना पाठ असलेली ती ओवी याच अध्यायातील आहे हे मला वाचल्यावर कळले. आणि एवढे सोसून नऊ हजार ओव्यांच्या शेवटी मागणे काय मागितले, तर दुर्जनांचे दुष्टपण जावो. दुर्जन जावोत असे नव्हे. मनात कटुता नाही, आणि हाताला विसावाही नाही. संतोष आणि तप एका ठिकाणी नांदताना पाहायचे तर ते असे.

असो. मोठ्यांच्या गोष्टी मोठ्या. आमच्या घरात याचा एक छोटा नमुना आहे, तो म्हणजे माझी आजी.

आजी सत्तरी ओलांडून गेली. १९७२ च्या दुष्काळात ती नवी नवरी होती. दुष्काळी कामावर खडी फोडायला जायची आणि मिळेल ती सुकडी पदरात बांधून आणायची. त्या दिवसांविषयी ती तक्रारीच्या सुरात बोललेली मी ऐकले नाही. जेवताना दोन घास कमी पडले तर ताटाला नमस्कार करून उठते. नवे लुगडे आले तर जुने फाटेपर्यंत घडी मोडत नाही. संतोष कोणाला म्हणावा हे मला भाष्य न उघडताही दाखवता येईल. विशेष म्हणजे 'समाधान मान' हे वाक्य साऱ्या घरात फक्त तिच्याच तोंडी नाही.

तिला अक्षरओळख नाही. पण सप्त्यातील पारायणे ऐकून ऐकून ज्ञानेश्वरी तिच्या कानात बसली आहे. वाचणाऱ्याने ओवीतील एखादा शब्द गाळला तर ती तिथल्या तिथे मान वर करून पाहते. गेल्या आषाढात ती मला म्हणाली, "बये, मला तेवढं वाचाय शिकीव." मी म्हटले, "आजी, तुला तर सगळी ऐकून पाठ आहे." ती म्हणाली, "ऐकलेली दुसऱ्याच्या तोंडची आसती. मला माझ्या डोळ्यांनी बघायचीय." बाजूला काका बसले होते. ते हसून म्हणाले, "आता ह्या वयात कशाला? ऐकायला मिळतंय त्यात..." आणि पुढचा शब्द त्यांनी गिळला. आजीला तो शब्द सांगण्याची हिंमत आमच्या घरात कोणाला नाही.

तेव्हापासून रोज रात्री भांडी झाल्यावर आमची शाळा भरते. पाटीवर मी अक्षर काढते, ती गिरवते. तिचा हात खुरप्याला सरावलेला, त्यामुळे पेन्सिल ती खुरप्यासारखीच धरते आणि काना ओढताना तण उपटल्यासारखा झटका देते. पाटी दोनदा फुटली. मी थकते, ती थकत नाही. सहाव्या अध्यायात अर्जुन मन चंचल असल्याची तक्रार करतो, तेव्हा भगवंत त्याला अभ्यास आणि वैराग्य हे दोन उपाय सांगतात. पतंजलीचेही उत्तर तेच. रोज रात्री एकच 'क' वीस वेळा गिरवणारी आजी पाहिल्यावर त्यातल्या 'अभ्यास' या शब्दाचा अर्थ मला कळला. आपण परीक्षेच्या आधी आठ दिवस करतो त्याला दुसरा काही शब्द शोधायला हवा.

मागच्या आठवड्यात मी वडिलांशी बोलले. काकांसमोर नाही, रात्री ते पाणी धरायला निघाले तेव्हा बॅटरी घेऊन त्यांच्याबरोबर गेले. बांधावर बसून म्हटले, "दादा, त्या साली कांद्याच्या भावावर तुम्ही समाधान मानलंत ना?" ते म्हणाले, "न मानून करतो काय?" मी विचारले, "मग पुढच्या हंगामाला रोप टाकायचं थांबवलंत का?" ते काही बोलले नाहीत. दारे मोडून दुसऱ्या वाफ्यात पाणी घेतले. वाफा भरत आला तेव्हा म्हणाले, "रोप टाकणं येगळं आन् भाव येगळा." मी म्हटले, "मला तेच म्हणायचंय." बराच वेळ पाण्याचा आवाज तेवढा येत होता. मग ते म्हणाले, "परीक्षा कधी हाय तुझी?" मी तारीख सांगितली. "तोवर पाव्हण्यांना काय सांगायचं नाय," एवढे बोलून त्यांनी बॅटरी माझ्याकडून घेतली आणि मला घरी पाठवले.

परीक्षेनंतर काय होईल ते आज मला ठाऊक नाही. वडिलांनी होकार दिलेला नाही आणि नकारही दिलेला नाही. काका दर गुरुवारी विचारतात. आई कोणाच्याच बाजूने बोलत नाही, मात्र माझ्या पुस्तकांना हल्ली तिने कपाटाचा वरचा कप्पा रिकामा करून दिला आहे.

आजीची बाराखडी संपली असून सध्या जोडाक्षरे चालू आहेत. क्ष तिने दोन रात्रींत काढला. ज्ञ मात्र तिला काही केल्या जमत नाही, त्याचे पोट एकीकडे जाते आणि पाय दुसरीकडे. काल मी म्हटले, "आजी, हे सोडून देऊ, पुढचं घेऊ." तिने पाटी माझ्याकडून ओढून घेतली. म्हणाली, "पोथीचं नावच त्याच्यापासून सुरू होतं, ते सोडून पुढं कशी जाऊ?" आणि ओल्या फडक्याने पाटी पुसून पुन्हा गिरवायला बसली.